लिहिण्याची मुभा, वाचण्याची मनाई

कल्पना करा, की कुणी एका नव्या भाषेचे व्याकरण छापून प्रसिद्ध केले आहे. प्रत मागेल त्याला फुकट मिळते. फक्त पहिल्या पानावर एक अट आहे: या व्याकरणाच्या आधारे या भाषेत हवे तेवढे लिहा, दुसऱ्यांना लिहायला शिकवा, लिहिण्याची यंत्रे तयार करून विका, पण या भाषेत लिहिलेले वाचण्याचे यंत्र बनवू नका, वाचण्याचे काम आमच्याच यंत्राने करायचे आहे. भाषेच्या बाबतीत असे कुणी केल्याचे ऐकिवात नाही. आंतरजालावर मात्र हे घडले, आणि तेही एखाद्या आडबाजूच्या, कुणी न वापरणाऱ्या फाइलीबाबत नव्हे. एका मोठ्या कालखंडात महाजालावर जे काही हलत होते, गात होते, खेळत होते, त्यातले बहुतेक सारे ज्या साच्यात साठवले जात होते, त्या साच्याची ही अट होती. १ मे २००८ पर्यंत ती कायम होती.

हा साचा म्हणजे ‘फ्लॅश’. त्याच्या फाइलींच्या नावाला एसडब्ल्यूएफ हे शेपूट असे. आज विशीत असलेल्या वाचकाला फ्लॅश म्हणजे काय हे सांगावे लागेल, त्याहून मोठ्यांना आठवण पुरेल. दिवाळीला ईमेलमधून येणारे, उघडताच आकाशकंदील हलवणारे आणि हमखास मोठ्या आवाजात वाजणारे शुभेच्छापत्र आठवावे. किंवा ‘कृपया थांबा’ म्हणत शंभर टक्क्यांपर्यंत सरकणारी पट्टी. संकेतस्थळाच्या दारात उभी असलेली ती निरर्थक चित्रफीत, जिच्या कोपऱ्यात ‘पुढे जा’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असे. फ्लॅशने पुष्कळ उच्छाद मांडला हे खरेच. पण घरबसल्या एकट्याने चलच्चित्र काढून जगाला दाखवण्याची सोय त्याने करून दिली, हेही तितकेच खरे. ती सोय त्याआधी स्टुडिओ असलेल्यांनाच होती.

त्याचा जन्म काहीसा अपघातानेच झाला. जोनाथन गे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये फ्यूचरवेव्ह नावाची छोटी कंपनी काढली, ती लेखणीने चालणाऱ्या संगणकांवर चित्रे काढण्याची आज्ञावली करण्यासाठी. त्या संगणकांना बाजारच मिळाला नाही. मग चित्रे हलवण्याची सोय त्यात घातली गेली आणि १९९६ मध्ये ‘फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर’ बाजारात आला. मायक्रोसॉफ्ट आणि डिस्ने यांच्या संकेतस्थळांनी तो वापरला. त्या वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडिया कंपनीने फ्यूचरवेव्ह विकत घेण्याचे ठरवले आणि ‘फ्यूचरस्प्लॅश’चा ‘फ्लॅश’ झाला.

या फाइलीची रचना मुद्दाम पाहण्याजोगी आहे, कारण पुढच्या साऱ्या वादाचे मूळ तिच्यातच आहे. फाइलीची पहिली तीन अक्षरे ‘एफडब्ल्यूएस’, म्हणजे एसडब्ल्यूएफ उलटे. पुढे आवृत्तीचा क्रमांक, लांबी, पटाचे माप, दर सेकंदाला किती चौकटी दाखवायच्या तो आकडा, आणि मग एकामागून एक सूचना: अमुक आकार असा आहे, तो इथे ठेव, ही चौकट दाखव, आता तो आकार थोडा उजवीकडे सरकव. मापे पिक्सेलच्या विसाव्या भागात मोजलेली असतात. टेलिफोनच्या तारेवरून रांगत येणाऱ्या जोडणीचा तो काळ असल्यामुळे जागेची काटकसर एखाद्या कृपण सावकारालाही लाजवील अशी होती. चौकोनाचे माप लिहायचे तर आधी पाच बिटांत सांगायचे, की पुढचा प्रत्येक आकडा किती बिटांचा आहे. मग नेमके तेवढेच बिट वापरायचे, एकही जास्त नाही. अशी फाइल नुसती उघडून पाहिली तर काही म्हणजे काही कळत नाही. एचटीएमएलचे पान कुणीही उघडून, वाचून, त्यावरून शिकू शकत असे; एका अख्ख्या पिढीने ती विद्या तशीच मिळवली. फ्लॅशच्या फाइलीला किल्ली लागत असे, आणि ती किल्ली म्हणजे तिच्या रचनेचे सविस्तर वर्णन करणारा दस्तऐवज, ज्याला या व्यवसायात ‘स्पेसिफिकेशन’ म्हणतात.

मॅक्रोमीडियाने १९९८ मध्ये ही रचना खुली करत असल्याचे जाहीर केले. तेव्हा त्याचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. परिणामही दिसले. इतर कंपन्यांच्या साधनांतून फ्लॅशच्या फाइली तयार होऊ लागल्या. मॅक्रोमीडियाची कडवी प्रतिस्पर्धी असलेल्या अॅडोबीने २००० मध्ये ‘लाइव्हमोशन’ आणले, तेही एसडब्ल्यूएफ फाइली बनवत असे. सर्व्हरवर चालणाऱ्या आज्ञावलीतून फ्लॅश निर्माण करणारे ‘मिंग’सारखे मुक्त संच आले. २००३ मध्ये ओपनऑफिसच्या १.१ या आवृत्तीत सादरीकरण फ्लॅशमध्ये साठवण्याची सोय आली. एका मुक्त कार्यालयीन संचाला फ्लॅश लिहिता येत होते, आणि ते वाचायला मात्र वापरणाऱ्याला मॅक्रोमीडियाच्या दारात जावे लागत होते. या विसंगतीचे मूळ परवान्यात होते.

पुढच्या आवृत्त्यांच्या स्पेसिफिकेशनसोबत जो परवाना येई, त्याचा आशय थोडक्यात असा: या दस्तऐवजाच्या आधारे एसडब्ल्यूएफ फाइली निर्माण करणारी आज्ञावली तुम्ही करू शकता, पण अशा फाइली चालवणारी, वाचून पडद्यावर दाखवणारी आज्ञावली करू शकत नाही. जोडीला आणखी एक कलम होते. तुम्ही निर्माण केलेली फाइल कंपनीच्या फ्लॅश प्लेअरच्या अद्ययावत प्रसिद्ध आवृत्तीत बिनचूक चालली पाहिजे. पहिल्या कलमाने वाचकांची संख्या एकावर आणली, दुसऱ्याने त्या एकाला प्रमाण ठरवले. फाइल शुद्ध की अशुद्ध हे दस्तऐवजातल्या शब्दांवरून ठरत नव्हते. प्लेअरला ती चालली की ती शुद्ध. व्याकरणापेक्षा वैयाकरण मोठा, असा हा प्रकार.

यामागे नुसता लोभ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. कंपनीचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा होता. एकच पान नेटस्केपमध्ये एक दिसे आणि एक्स्प्लोररमध्ये दुसरे, या त्रासाने संकेतस्थळे करणारे लोक मेटाकुटीला आले होते. जावाच्या बाबतीत सन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यात १९९७ मध्ये खटला उभा राहिला होता, तो याच मुद्द्यावर, की मायक्रोसॉफ्टची जावा सनच्या जावाशी जुळत नाही. फ्लॅशचे आकर्षणच हे होते, की मुंबईत केलेली चित्रफीत मॉन्ट्रिअलमध्ये हुबेहूब तशीच दिसे. दहा प्लेअर झाले असते तर दहा तऱ्हा झाल्या असत्या. युक्तिवाद खोटा नव्हता, पण पुराही नव्हता. संगणकावरचा प्लेअर फुकट असला तरी फोन आणि इतर उपकरणांवर तो बसवण्यासाठी उत्पादकांकडून शुल्क घेतले जाई. २००३ पासून जपानमध्ये डोकोमोच्या फोनांवर ‘फ्लॅश लाइट’ येऊ लागला होता. दुसऱ्या कुणी प्लेअर केला असता तर हे शुल्क कोण देता? एकसारखेपणाची काळजी आणि गल्ल्याची काळजी अशा दोन काळज्या एकाच कलमात सुखाने नांदत होत्या.

आता जरा कायद्याकडे वळू, कारण या प्रकरणातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग तिथे आहे. एखाद्या पद्धतीचे वर्णन करणाऱ्या पुस्तकावर लेखकाचा हक्क असतो, खुद्द पद्धतीवर नसतो. अमेरिकेत हे तत्त्व १८७९ पासून प्रस्थापित आहे. चार्ल्स सेल्डन नावाच्या गृहस्थाने जमाखर्चाची एक नवी पद्धत काढून तिच्यावर पुस्तक लिहिले होते, आत आखलेले नमुना-तक्ते होते. पुढे बेकर नावाच्या दुसऱ्याने त्याच पद्धतीच्या, थोड्या वेगळ्या मांडणीच्या हिशेबवह्या विकायला काढल्या. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निर्णय बेकरच्या बाजूने लागला. पुस्तकाची नक्कल करता येणार नाही. पण पुस्तकात समजावून दिलेली हिशेबाची रीत वापरायला कुणालाही अडवता येणार नाही. तसे नसते तर पुस्तक लिहून ज्ञान देण्यालाच काय अर्थ उरला असता?

एसडब्ल्यूएफ ही याच जातीची गोष्ट आहे, हिशेब मांडण्याची एक रीत. कंपनीला लेखाधिकाराच्या बळावर ‘तुम्ही वाचक-यंत्र करू नका’ असे म्हणणे अवघड गेले असते. म्हणून कराराचा मार्ग काढला गेला. दस्तऐवज हवा असेल तर आधी अटी मान्य करा. मान्य केल्या की तुमच्यावर बंधन आले, ते कायद्याने नव्हे तर तुमच्याच संमतीने. ज्याने दस्तऐवज घेतलाच नाही, त्याच्यावर हे बंधन नाही. त्याने फाइलींचे हजारो नमुने गोळा करावेत, बिट-बिट उलगडून अंदाज बांधावेत आणि खुशाल प्लेअर करावा.

परिणाम असा, की या क्षेत्रात अज्ञान हीच पात्रता ठरली. आपल्या परंपरेत ग्रंथाला ‘अधिकारी’ कोण याची चर्चा पुष्कळ आहे आणि तिचा इतिहास काही अभिमानाने सांगावा असा नाही. कुणी ऐकू नये, कुणी उच्चारू नये, याचे नियम होते. पण त्या व्यवस्थेतसुद्धा शिकलेला मनुष्य अधिकारी आणि न शिकलेला अनधिकारी असा क्रम होता. इथे तो उलटा झाला. ज्याने अधिकृत ग्रंथ वाचला तो अनधिकारी झाला, आणि ज्याच्या नजरेस तो कधी पडला नाही तोच काम करायला मोकळा राहिला.

हे केवळ तर्कट नव्हे. २००५ च्या अखेरीस जॉन गिलमोर यांनी पुढाकार घेऊन ग्नू प्रकल्पाच्या छत्राखाली ‘नॅश’ हा मुक्त फ्लॅश प्लेअर जाहीर केला. प्रमुख विकासक होते रॉब सॅव्हॉय. पाया म्हणून थॅचर अल्रिक यांनी लिहून सर्वांसाठी मोकळी सोडलेली ‘गेमएसडब्ल्यूएफ’ ही आज्ञावली घेतली होती. स्पेसिफिकेशनच्या परवान्याशी जुळणारी एक अट फ्लॅश प्लेअरच्याही परवान्यात होती: हा प्लेअर वापरून दुसरा प्लेअर घडवू नये. तिचा अर्थ असा लावला गेला, की ज्याने कधी तो प्लेअर आपल्या संगणकावर बसवला आहे, ‘मान्य आहे’ या बटणावर टिचकी मारली आहे, त्याने नॅशच्या कामात हात घालणे धोक्याचे. त्या काळी महाजालावर वावरणाऱ्या जवळपास प्रत्येकाने ती टिचकी मारलेली होती. फ्लॅशचा प्लेअर लिहायला असा माणूस हवा, जो कुशल आहे, उत्साही आहे, आणि ज्याने फ्लॅश कधी अधिकृतपणे पाहिलेले नाही. नृत्याचा समीक्षक हवा, पण त्याने नृत्य पाहिलेले नसावे, अशी जाहिरात देण्यासारखेच हे झाले. तरीही नॅश झाला. जुन्या आवृत्त्यांच्या पुष्कळ फाइली तो चालवू लागला. पण २००६ मध्ये फ्लॅशची नववी आवृत्ती आली, तिच्यात आज्ञा चालवणारे यंत्रच नवे होते, आणि अंदाजांचे काम बऱ्याच अंशी पुन्हा पहिल्या पायरीवर आले.

दरम्यान वाट पाहणारे वाट पाहत होते. लिनक्ससाठी फ्लॅशची सातवी आवृत्ती आली, आठवी आलीच नाही, नववी आली ती जानेवारी २००७ मध्ये. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले होते आणि त्यावरचे व्हिडिओ फ्लॅशमधूनच दिसत. मधल्या काळात लिनक्सवाल्यांना नव्या फाइली बंदच होत्या. चौसष्ट बिटांच्या लिनक्ससाठी प्लेअरची निव्वळ चाचणी-आवृत्ती यायला नोव्हेंबर २००८ उजाडला. पॉवरपीसी जातीच्या यंत्रांवर लिनक्स चालवणाऱ्यांसाठी तो कधीच आला नाही. कंपनीला या मूठभरांसाठी खर्च करणे परवडत नसेल, तर तो तिचा व्यावहारिक निर्णय म्हणून सोडून देता येईल. पण ज्याला आपल्यापुरते स्वतःच करून घेण्याची हौस आणि ताकद होती, त्यालाही परवान्याने अडवले होते. ‘आम्ही करणार नाही, तुम्हीही करू नका’ या दोन वाक्यांतला पहिला भाग समजू शकतो. माझी तक्रार दुसऱ्या भागाबद्दल आहे.

याचा एक धागा आपल्याकडेही येतो. गरीब देशांतल्या मुलांसाठी बनवलेल्या ‘एक्सओ’ या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचा भारतातला सुरुवातीचा प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या वस्तीच्या शाळेत झाला. हा लॅपटॉप मुक्त आज्ञावलीवर चालत असे आणि त्यासोबत फ्लॅशसाठी नॅश दिला जाई. मुलाने यंत्राचे पोट उघडून पाहावे, बदलावे, हा त्या प्रकल्पाचा आग्रह होता, आणि अॅडोबीच्या प्लेअरचे पोट उघडण्यास मनाई होती. शिक्षणाचे कितीतरी साहित्य तेव्हा फ्लॅशमध्येच तयार होत होते. ते खेड्यातल्या मुलाला किती दिसेल हे, परवाना न वाचता अंदाजाने काम करणाऱ्या काही प्रोग्रॅमरांनी कुठवर मजल मारली आहे, यावर अवलंबून होते.

एव्हाना फ्लॅश अॅडोबीचे झाले होते. डिसेंबर २००५ मध्ये तिने मॅक्रोमीडिया गिळली. पूर्वी लाइव्हमोशनच्या निमित्ताने ‘लिहा पण वाचू नका’ या बाजूला उभी असलेली कंपनी आता वाचनाच्या मक्त्याची मालक बनली. आणि इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. याच अॅडोबीने १९९३ मध्ये पीडीएफची रचना प्रसिद्ध केली तेव्हा ती फाइल लिहिणारी आणि वाचणारी, दोन्ही प्रकारची आज्ञावली इतरांनी करावी अशी मुभा दिली होती. अटी होत्या, पण वाचनबंदी नव्हती. म्हणून पीडीएफ वाचणारी कितीतरी साधने निघाली, आणि जुलै २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानकही झाला. एकाच घरात एका मुलाला मोकळे सोडले होते आणि दुसऱ्याला, दत्तक आलेल्याला, सोवळ्यात ठेवले होते. मायक्रोसॉफ्टची तऱ्हा आणखी वेगळी. वर्डच्या डॉक फाइलीचे वर्णन तिने १९९७ मध्ये बंधनकारक अटींवर प्रसिद्ध केले, १९९९ मध्ये मागे घेतले, २००६ पासून मागणाऱ्याला अटींसह दिले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये सर्वांना मोकळे केले. आपली स्वतःची पत्रे, प्रबंध, कथा ज्या फाइलीत आहेत तिची रचना कळण्यासाठी लेखकाला नऊ वर्षे थांबावे लागावे, याचे तेव्हा फारसे कुणाला काही वाटले नाही. असो.

१ मे २००८ रोजी अॅडोबीने ‘ओपन स्क्रीन प्रोजेक्ट’ जाहीर केला आणि एसडब्ल्यूएफ व एफएलव्ही या दोन्ही रचनांच्या वापरावरची बंधने काढून टाकली. नोकिया, सॅमसंग, एआरएम, बीबीसी असे भागीदार सोबत होते. उपकरणांवरच्या पुढच्या प्लेअरसाठी शुल्क घेणार नाही, असेही सांगण्यात आले. हृदयपरिवर्तन झाले असे मानायला आधार नाही. आदल्या वर्षी मायक्रोसॉफ्टचे ‘सिल्व्हरलाइट’ आले होते, आयफोन आला होता आणि त्यात फ्लॅशला जागा नव्हती. अॅडोबीच्याच इतिहासात याला दाखला आहे. तिने आपल्या ‘टाइप १’ अक्षरटंकांची रचना गुपित ठेवली होती, आणि अॅपल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९८९ मध्ये ट्रूटाइपची आघाडी उघडल्यावर पुढच्याच वर्षी ती छापून टाकली. दारात प्रतिस्पर्धी दिसला की वाड्याचे दरवाजे उघडतात.

उघडलेला दरवाजाही पुरता उघडलेला नव्हता. प्रसिद्ध झालेल्या दस्तऐवजात बरेच काही सांगायचे राहून गेले होते. व्हिडिओ वाहून आणणाऱ्या आरटीएमपी या पद्धतीचे वर्णन जून २००९ मध्ये आले. ‘सोरेन्सन स्पार्क’ हे व्हिडिओचे तंत्र तर अॅडोबीच्या मालकीचेच नव्हते, ते ती देणार कुठून? तरीही फरक पडला. अलेस्सांद्रो पिन्योत्ती यांनी या दस्तऐवजांच्या आधारे ‘लाइटस्पार्क’ हा प्लेअर अगदी नव्याने लिहायला घेतला. दोन वर्षांपूर्वी ज्या दस्तऐवजाने हात बांधले असते, तोच आता हाती धरून काम सुरू झाले.

पण उशीर झाला होता. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी फ्लॅशविरुद्ध जाहीर पत्र लिहिले आणि त्यात इतर आक्षेपांबरोबर फ्लॅश हे एकाच कंपनीच्या ताब्यात असल्याचाही आक्षेप होता. आयफोनच्या मालकाने तो घ्यावा यातली गंमत तेव्हाही अनेकांच्या लक्षात आली. नोव्हेंबर २०११ मध्ये अॅडोबीने फोनवरच्या न्याहाळकांसाठी फ्लॅशचा विकास थांबवला. जुलै २०१७ मध्ये अखेरची तारीख जाहीर झाली, ३१ डिसेंबर २०२०. आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने फाइली चालवणेच बंद केले. ही सोय शेवटच्या आवृत्त्यांत आधीच करून ठेवलेली होती. चीनमधले वेगळे वितरण आणि उद्योगांना सशुल्क मिळणारी मदत वगळता, जगाचा एकमेव मान्यताप्राप्त वाचक ठरल्या दिवशी मुका झाला. ‘अद्ययावत प्रसिद्ध आवृत्तीत बिनचूक चालली पाहिजे’ हे कलम तोवर कालबाह्य झाले होते म्हणून बरे. नाही तर त्या दिवशी जगातली एकही फाइल शुद्ध ठरली नसती.

पुण्याच्या दप्तरखान्यात मोडी कागदांचे रुमाल पडून आहेत आणि वाचणारे थोडे, ही खंत आपण नेहमी ऐकतो. पण मोडी शिकायला बंदी कुणाची नाही. चिकाटी असेल तर सहा महिन्यांत माणूस वाचू लागतो. एसडब्ल्यूएफची गत मोडीहून वाईट होण्याची शक्यता होती. कागद शाबूत, लिहिणारे हयात, आणि वाचक-यंत्र करण्यास मनाई. २००८ ची मोकळीक मिळाली नसती तर चित्र काय झाले असते याचा विचार करवत नाही.

ते तसे झाले नाही, याचे बरेच श्रेय ‘रफल’ नावाच्या मुक्त प्लेअरला आहे. माइक वेल्श यांनी सुरू केलेला हा प्रकल्प रस्ट भाषेत लिहिला जातो आणि कोणत्याही आधुनिक न्याहाळकात चालतो. नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे फ्लॅशच्या अखेरीला महिना-दीड महिना उरला असताना, इंटरनेट अर्काइव्हने त्याच्या आधारे जुने खेळ आणि चित्रफिती चालत्या-बोलत्या स्वरूपात ठेवायला सुरुवात केली. रफल करणाऱ्यांनी अॅडोबीचा दस्तऐवज उघडपणे वाचला आहे, आणि दस्तऐवज जिथे गप्प आहे तिथे जुन्या प्लेअरचे वागणे पाहून तसेच वागायला त्याला शिकवले आहे. एखादी फाइल अडखळली की कुणीतरी ती पाठवतो, अमुक चौकटीत ढग यायला हवा तो येत नाही असे कळवतो, आणि कुठल्या बिटाचा अर्थ चुकीचा लावला गेला याचा शोध सुरू होतो.